इतिवृत्तात नोंद व्हावी

आमच्या हॅडलॉक गावच्या अर्थसमितीवर कोणी कोणाला निवडून देत नाही. गावसभेचा अध्यक्ष रविवारी चर्च सुटल्यावर पायरीवर उभा राहतो आणि ज्याच्या खांद्यावर हात ठेवील तो माणूस तीन वर्षांसाठी समितीत जातो. जाणती मंडळी मागच्या दाराने निसटतात. मी त्या रविवारी छत्री शोधत राहिलो.

समितीचं काम म्हणजे गावाच्या खर्चावर नजर ठेवणं. आम्ही सात जण, दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता, गावकचेरीच्या तळघरात. पगार नाही, भत्ता नाही, फक्त चिटणीस गेराल्डच्या बायकोने केलेली ओटची बिस्किटं. एकेका खात्याचा माणूस समोर येऊन पैसे मागतो आणि आम्ही त्याला विचारतो, "जुनं चालत नाही का?" आगीचा नवा बंब आम्ही चार मिनिटांत मंजूर केला, कारण बंबातलं कोणालाच काही कळत नव्हतं. वाचनालयाच्या झाडू मारायच्या यंत्रावर मात्र पन्नास मिनिटं चर्चा झाली. ते यंत्र प्रत्येकाच्या घरी होतं आणि प्रत्येकाचं ग्रंथपालबाईंच्या यंत्रापेक्षा स्वस्त होतं.

समितीच्या अध्यक्ष विनिफ्रेड स्टॅकपोल. वय चौऱ्याऐंशी. त्यांनी मला शाळेत बीजगणित शिकवलं होतं, आणि मी आता एकसष्ट वर्षांचा आहे ही गोष्ट त्यांना कोणी कळवली नसावी. मी बोलायला उभा राहिलो की त्या चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "ऑरिन, उत्तर नको, रीत सांग." गावात सगळे त्यांना विनिफ्रेड म्हणतात. माझ्या तोंडून मात्र 'बाई' हेच येतं.

प्रत्येक सभासदाकडे एक खातं असतं. माझ्याकडे रस्ते आले. चाळीस वर्षं मी लोकांना चष्मे लावले, तेव्हा दूरचं दिसणं हा आपला विषयच आहे असं मी पहिल्या दिवशी बोलून दाखवलं. कोणी हसलं नाही.

ऑक्टोबरात मी रस्त्यांची पाहणी केली. म्हणजे माझ्याच रस्त्याची, कारण बूट नवे होते. स्लेट हिल रोडला, माझ्या घराच्या अलीकडे, ओढ्यावर एक मोरी आहे. आत जुना लोखंडी पाईप, वर माती, त्यावर डांबर. मोरीपलीकडे आमची सहा घरं, आणि पुढे रस्ता जंगलात शिरून लाकूडतोड्यांच्या कच्च्या वाटेने अकरा मैलांचा वळसा घालून गावात येतो. मी काठीने पाईप खरवडला. गंजाचा एवढा मोठा पापुद्रा खाली पडला. मी तो रुमालात बांधून गुरुवारी समितीपुढे ठेवला.

"हा पाईप मे संपायच्या आत कोसळणार," मी म्हणालो.

"बरं," बाई म्हणाल्या. "पुढचा विषय."

माझी मागणी एवढीच होती की हे इतिवृत्तात यावं. पुढच्या गुरुवारी चिटणीस गेराल्ड टिबेट्सने मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचलं, त्यात होतं, 'श्री. पेटिंगिल मोरीबद्दल बोलले.' बोलले! मी हरकत घेतली. त्याने 'मोरीबद्दल चिंता व्यक्त केली' असं केलं. चिंता तर शेळ्यासुद्धा व्यक्त करतात. तीन बैठका ही दुरुस्ती चालली. शेवटी गेराल्डने पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "घे बाबा, तूच लिही, मला घरी जायचंय." मी लिहिलं: 'श्री. पेटिंगिल यांनी सदर पाईप मेअखेरपूर्वी कोसळणार असे स्पष्ट, सकारण व तारखेसह भाकीत केले, व समितीस त्याची पूर्ण कल्पना दिली.' सातही जणांनी हात वर करून ते मंजूर केलं. त्याची एक प्रत मी घरी आणून फ्रिजवर माशाच्या आकाराच्या लोहचुंबकाने लावली. लॉर्नाने, म्हणजे माझ्या बायकोने, ती वाचली, मुलीच्या लग्नाचा फोटो त्यामुळे झाकला जातोय एवढंच म्हणाली, आणि फोटो कपाटावर नेऊन ठेवला.

फेब्रुवारीत नव्या पाईपाचे पैसे मतदानाला आले. मी बारा मुद्दे काढून आणले होते. बाई म्हणाल्या, "ऑरिन, तुझं घर त्या रस्त्यावर आहे. विषयात तुझा स्वार्थ आहे. बाहेर जा."

कायदाच आहे तसा. मी बाहेरच्या पॅसेजमध्ये, कोट टांगायच्या खुंट्यांपाशी, बारा मुद्दे हातात घेऊन उभा राहिलो. आतून आधी शांतता, मग मोठा हशा, मग खुर्च्या सरकल्याचा आवाज. तीन मिनिटांत सगळं आटोपलं.

गेराल्डने दार उघडलं. "नाही म्हणाले. पुढच्या वर्षी बघू."

"हसत कशाला होतात?"

"तुझ्याबद्दल नव्हतं ते," तो इतक्या घाईने म्हणाला की माझ्याबद्दलच होतं याची खात्री पटली.

आता शहाणा माणूस इथे थांबला असता. पण मोरी माझी झाली होती. सकाळी कॉफीच्या आधी मी तिला बघून यायचो. मार्चमध्ये वरच्या बाजूला बीव्हर दिसायला लागले. हे प्राणी पाणी वाहिल्याचा आवाज आला की तिथे काटक्या कोंबतात. गावच्या दुकानात स्टोव्हभोवती बसणाऱ्या मंडळींपुढे मी विषय काढला. असा विषय मिळाला की त्यांचा हिवाळा सुखाचा जातो. एक म्हणाला रेडिओ लाव, माणसाच्या आवाजाला बीव्हर घाबरतात. दुसरा म्हणाला, त्याच्या मेव्हण्याने रेडिओ लावला होता, बीव्हरांनी पिल्लं आणून बसवली. रस्ते खात्याचा मुकादम डुएन लाबॉन्ट म्हणाला, "ऑरिन, पाईप गावाचा आहे. त्याला हात लावू नकोस."

तेवढ्यात कोपऱ्यातून हार्लन क्विम्बी बोलले. हार्लन माझे शेजारी, वय एकोणऐंशी, रस्त्याच्या टोकाला एकटे राहतात. "जाळी लाव रे," ते म्हणाले. "पाईपाच्या तोंडाला कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी. मी पन्नास साली लावली होती. एक काटकी आत गेली नाही."

"पन्नास साली तुम्ही चार वर्षांचे होता, हार्लन."

"म्हणूनच आठवतंय. मोठेपणीचं काही आठवत नाही."

मी त्याच दुपारी जाळी लावली. खुराड्याची एक बाजू उचकटली, आणि लॉर्ना टोमॅटोची रोपं बांधते त्या हिरव्या दोरीने जाळी पाईपाच्या तोंडाला घट्ट आवळली. कोणाला सांगितलं नाही. गावाची सेवा गुपचूप करावी असं मला त्या दिवशी वाटलं. एरवी कधी वाटत नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बर्फ वितळलं, त्यावर दोन दिवस पाऊस, आणि मंगळवारी सकाळी रस्ता नव्हता. मी घरच्या कपड्यांवर बूट चढवून गेलो, तर मोरीच्या जागी बारा फुटांची खिंड आणि खाली कॉफीच्या रंगाचं पाणी. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात आलेली पहिली भावना दुःखाची नव्हती. मी घरी पळत आलो. "लॉर्ना! मी सांगितलं होतं!"

"हो," लॉर्ना म्हणाली. "आता दूध कुठून आणणार तेही सांग."

दूध ही छोटी गोष्ट होती. हार्लनना आठवड्यातून तीनदा शहरात डायलिसिसला जावं लागतं, आणि त्यांना न्यायला गावाची व्हॅन येते. व्हॅनला कच्च्या वाटेवरून जायची परवानगी नाही. विमा कंपनीचा नियम. डोंगर उतरून शहरात फ्लॅट घ्यायला हार्लन तयार नाहीत. त्यांची बायको त्या घरात गेली आणि आपणही तिथूनच जाणार, असं त्यांनी गावातल्या प्रत्येकाला निदान दोनदा सांगितलंय. राहिलो मी. सोमवार, बुधवार, शुक्रवार, पहाटे पाचला, माझ्या गाडीतून, अकरा मैलांचे खड्डे.

पहिल्याच दिवशी गाडीचा सायलेन्सर तुटून पडला. गाडी ट्रॅक्टरसारखी गर्जायला लागली.

"तुझ्या फ्रिजवर काहीतरी लावलंय म्हणे," हार्लन ओरडून म्हणाले.

"इतिवृत्त आहे!"

"काय लिहिलंय?"

"की हे होणार हे मला माहीत होतं!"

हार्लननी टोपी सरळ केली. मग म्हणाले, "माहीत होतं तर चांगली गाडी घ्यायची होतीस."

आता पैशांचं. वार्षिक गावसभा आठवड्यापूर्वीच उरकली होती, पुढची थेट शरदात. मधल्या काळात काही झालं तर समितीच्या हातात राखीव निधी असतो, आणि तो भरलेला होता. मी निर्धास्त होतो. मेच्या पहिल्या गुरुवारी डुएनने अर्ज मांडला. मला नियमाप्रमाणे बाहेर काढलं, पण या वेळी मी दार किंचित उघडं ठेवलं.

बाईंनी नियम वाचला: 'ज्या खर्चाची समितीस पूर्वकल्पना नव्हती, केवळ अशाच खर्चासाठी.' मग त्यांनी ऑक्टोबरचं इतिवृत्त काढलं आणि तेही वाचलं. स्पष्ट. सकारण. तारखेसह. पूर्ण कल्पना दिली. बाई वाचत असताना प्रत्येक शब्द कसा खणखणीत वाजला! एवढं चांगलं मी आयुष्यात काही लिहिलं नव्हतं.

"गृहस्थहो," बाई म्हणाल्या, "आपल्याला पूर्वकल्पना होती. आपण ती हात वर करून मंजूर केली. हा निधी आपल्याला वापरता येणार नाही."

"पण बाई, रस्ता वाहून गेलाय!" मी दारातून ओरडलो.

"ऑरिन, तू बाहेर आहेस."

मी बाहेरच होतो. आणि सहा घरंही बाहेरच राहिली. विशेष गावसभा बोलवायची तर पंचाहत्तर माणसं जमायला हवीत. गेल्या दोन खेपांना एकतीस आणि एकोणीस जमली होती, त्यातली चार बिस्किटांसाठी.

दुकानात मी गेलो की स्टोव्हभोवतीची मंडळी उठून उभी राहायला लागली. "या, भविष्यवेत्ते. पुढच्या आठवड्यात पाऊस आहे का?" मी मानाने दुर्लक्ष करायचो. पण एका बुधवारी परतीच्या वाटेवर हार्लन गप्प होते. डायलिसिसनंतर ते दमतात, पण टोमणे मारायला कधी दमत नाहीत. मी विचारलं.

"मुलगी येतेय ओहायोहून. एक जूनला," ते म्हणाले. "ती म्हणते, रस्त्याचं ठरलं नाही तर घर विकायचं आणि तिच्याकडे जायचं. तिचं बरोबर आहे. बर्फ पडल्यावर या वाटेने तू मला कसा आणशील?"

"आणीन."

"या डब्यातून?"

मुलगी प्रेमळ होती, ओहायोत दवाखाना घराशेजारी होता, सगळं खरं. पण शेजारी बसलेला माणूस आपलं घर हातातून सुटल्यासारखा बसला होता, आणि ते घर सोडायला लावणारं वाक्य मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. त्या रात्री मी फ्रिजसमोर उभा राहून ते पुन्हा वाचलं आणि पहिल्यांदा मला ते लांबलचक वाटलं.

खर्चाचा अंदाज काढायला डुएनने मेच्या तिसऱ्या आठवड्यात खिंडीतला जुना पाईप उपसून काढला. आधी खोदता येत नव्हतं, कारण ओढ्यात एका संरक्षित जातीचं कासव राहतं आणि त्याच्या खात्याची परवानगी यायला तीन आठवडे लागले. कासवाच्या मानाने लवकर झालं म्हणायचं. मी काठावर उभा होतो. डुएनने पाईपावर हातोडा मारला. घंटेसारखा टण्ण आवाज आला.

"ऑरिन," तो म्हणाला, "हा पाईप ठणठणीत आहे. वरचा पापुद्रा गंजलाय, आत बोटभर जाड लोखंड. आणखी तीस वर्षं गेली असती."

"मग कोसळलं कसं?"

डुएनने फावडं उचललं. पाईपाच्या तोंडाशी पानं, काटक्या, चिखल यांचं पक्कं बूच बसलं होतं. त्याने ते फावड्याने ओढलं. चिखलातून आधी जाळी आली. मग हिरवी दोरी. दोरीला लॉर्नाच्या हस्ताक्षरातली लाकडी पट्टी लोंबत होती: 'टोमॅटो, लवकरचे.'

पाणी पाईपातून जायचं ते तुंबलं, वर चढलं आणि रस्ता घेऊन गेलं. बीव्हरांचा यात काडीचा संबंध नव्हता.

डुएनने पट्टी पुसली, वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. "मी पाईप खोदतो. तोंड चालवणं माझ्या कामात येत नाही," तो म्हणाला आणि जाळी ट्रकमागे टाकून दिली.

म्हणजे मी गप्प बसलो असतो तर कोणाला कळलं नसतं. भाकीत शाबूत राहिलं असतं. मी दोन दिवस त्यावर विचार केला, हे कबूल करायला लाज वाटते. माणसाला आयुष्यात एकदाच सातही हात वर करून बरोबर ठरवलेलं असतं.

सव्वीस मेचा गुरुवार. हार्लनची मुलगी सहा दिवसांनी येणार होती. मोरीचा विषय आला, मला बाहेर काढलं. खुंट्यांपाशी उभं राहून मी ऐकत होतो. बाई म्हणत होत्या, "माझंही मन दुखतं, पण पूर्वकल्पना होती ती होती." लॉर्ना आत, बघ्यांच्या बाकावर, विणकाम घेऊन बसली होती. मी दार उघडून आत गेलो.

"ऑरिन, तू बाहेर असायला हवंस."

"बाई, मी सभासद म्हणून आलो नाही. आरोपी म्हणून आलोय."

आणि मी सगळं सांगितलं. पाईप ठणठणीत होता हे सांगितलं. जाळी, दोरी, टोमॅटो, सगळं. दुकानातल्या सल्ल्याचं तेवढं सांगितलं नाही. हार्लनना नको तो त्रास कशाला. "माझं भाकीत चुकलं," मी म्हणालो. "पाईप कोसळला नाही. रस्ता मी बुडवला. आणि अर्थसमितीचा सभासद खुराड्याची जाळी बांधून गावचा रस्ता बुडवील याची समितीला पूर्वकल्पना होती का, एवढंच ठरवा."

बाईंनी चष्मा काढून पुसला.

"रीत बरोबर आहे," त्या म्हणाल्या. शाळेत हे वाक्य मला कधी मिळालं नव्हतं. "गृहस्थहो, ऑरिन असं काही करील याची कोणाला पूर्वकल्पना होती?"

सहा जण एकमेकांकडे बघायला लागले. बघ्यांच्या बाकावर एक हात वर झाला, त्यात विणकामाची सुई होती.

"मला होती," लॉर्ना म्हणाली.

गेराल्डचं पेन कागदावर थांबलं.

"लॉर्ना, तुम्ही समितीच्या सभासद आहात का?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग ते इतिवृत्तात येत नाही. गेराल्ड, लिहा: समितीस पूर्वकल्पना नव्हती."

सहा विरुद्ध शून्य. मी भिंतीला टेकलो. आयुष्यात एवढा हलका मी कधीच झालो नव्हतो. सगळ्या गावासमोर मूर्ख ठरलो होतो आणि मला बिस्किट खावंसं वाटत होतं. जाळीची आणि खोदाईची भरपाई म्हणून रस्ते खात्यात चार शनिवार फावडं मारायचं, असा ठरावही लगेच झाला. त्यावर मात्र पंचवीस मिनिटं चर्चा झाली, कारण फावडं प्रत्येकाच्या घरी होतं.

आठवडाभरात डुएनने तोच पाईप धुऊन परत बसवला. हार्लनची मुलगी आली, चार दिवस राहिली, नव्या डांबरावरून स्वतः चालून आली, आणि बॅगा भरल्या त्या एकट्या तिच्याच. सोमवारी पहाटे साडेपाचला गावाची व्हॅन आमच्या दारावरून वर गेली. मी सवयीने जागाच होतो. तिचे दिवे वळणावर दिसले तेव्हा मी खिडकीत उभं राहून हात जोडल्यासारखं काहीतरी केलं. कोणी पाहिलं नाही.

पुढच्या गुरुवारी सव्वीस मेचं इतिवृत्त मंजुरीला आलं. "काही दुरुस्त्या?" बाईंनी विचारलं आणि सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली. गेराल्डने डोळे मिटून देवाचे आभार मानले.

"मला आहे एक," मागून आवाज आला. हार्लन. चाळीस वर्षांत ते या तळघराची पायरी उतरले नव्हते. कठड्याला धरून ते उभे राहिले. "जाळीचा सल्ला कोणाचा ते यात नाही. सल्ला माझा होता. मूर्ख एकटा तो नाही."

"हार्लन, दुरुस्ती सभासदालाच सुचवता येते," बाई म्हणाल्या. "आणि ऑरिन, विषय तुझा आहे. तू—"

मी आधीच उठलो होतो. दार लावून घेतलं आणि खुंट्यांपाशी उभा राहिलो. आत हार्लन बराच वेळ काहीतरी सांगत होते. मग मोठा हशा झाला. कशाला हसले ते मी गेराल्डला विचारलं नाही.

शनिवारी फावडं ठेवून घरी आलो तर फ्रिजवर नवा कागद होता, त्याच माशाखाली. 'जाळी श्री. पेटिंगिल यांनी श्री. क्विम्बी यांच्या सल्ल्याने लावली. त्यानंतर श्री. पेटिंगिल यांनी श्री. क्विम्बी यांना तेवीस वेळा शहरात नेऊन आणले. वाटभर श्री. पेटिंगिल हेच बोलत होते.' खाली सात सह्यांच्या जागी सहाच सह्या होत्या. कपाटावरचा लग्नाचा फोटो शेजारी परत लागला होता, आणि कागदाने तो जराही झाकला जात नव्हता.